प्रकाश किती वेळ? दृष्टिपटलावरील लेझर-उपचारांची प्रस्तावना

मोठ्या नेत्ररुग्णालयात लेझरच्या दोन खोल्या बहुधा शेजारीशेजारी असतात. एकीच्या बाहेर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन वर्ष-दोन वर्षे झालेले रुग्ण बसलेले असतात. बसवलेल्या भिंगामागची पातळ पिशवी गढूळ झाल्यामुळे त्यांना पुन्हा धूसर दिसू लागलेले असते. दुसरीच्या बाहेर मधुमेहाने डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, बिघडलेले रुग्ण असतात. दोघेही घरी जाऊन एकच सांगतात: लेझर मारून आलो.

आत मात्र दोन अगदी निराळ्या गोष्टी घडलेल्या असतात. पहिल्या खोलीतल्या याग लेझरचा एक स्पंद २ मिलिज्यूल ऊर्जेचा आणि ४ नॅनोसेकंदांचा धरू. दुसऱ्या खोलीतल्या हिरव्या लेझरचा एक ठिपका २०० मिलिवॉट शक्तीने १०० मिलिसेकंद दिला, तर त्याची ऊर्जा २० मिलिज्यूल भरते, म्हणजे पहिल्याच्या दहापट. तरीही कमी ऊर्जेचा स्पंद पिशवी टरकावतो आणि जास्त ऊर्जेचा ठिपका पडद्यावर एक फिकट डाग तेवढा उमटवतो. पहिल्याची सगळी ऊर्जा चार नॅनोसेकंदांत कोंबलेली असल्यामुळे त्याची शक्ती तेवढ्या वेळापुरती ५ लाख वॉटवर जाते. दुसऱ्याची ०.२ वॉटच राहते. दोन्ही किरणांचे रंग वेगळे, ते किती बारीक बिंदूवर एकवटतात तेही वेगळे. पण एक फाडतो आणि दुसरा भाजतो, यामागे सर्वांत मोठा हात वेळेचा आहे.

या पुस्तकाचा विषय ही वेळ आहे. दृष्टिपटलावर लेझर देताना डॉक्टर चार गोष्टी ठरवतात: किरणाचा रंग, त्याची शक्ती, ठिपक्याचा आकार आणि स्पंदाचा कालावधी. पहिल्या तिन्हींची चर्चा पुष्कळ होते. चौथी गोष्ट बरीच वर्षे यंत्राबरोबर आलेली, जवळजवळ न विचारता स्वीकारलेली राहिली. गेल्या काही दशकांत ती खऱ्या अर्थाने डॉक्टरांच्या हाती आली आणि दृष्टिपटलाच्या लेझर-उपचाराचा स्वभाव बदलला. हा बदल कसा झाला, त्यातून काय मिळाले आणि काय गमावले, हे सांगण्यापुरती ही प्रस्तावना आहे.

या उपचाराचा इतिहास सूर्यापासून सुरू होतो. १९४५च्या जुलैमध्ये युरोपात सूर्यग्रहण दिसले. ते उघड्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे दृष्टिपटलाच्या मध्यभागी, पीतबिंदूवर, भाजल्याची खूण झालेला डोळा जर्मन नेत्रतज्ज्ञ गेर्ड मायर-श्विकेराथ यांनी तपासला. जे ऊन मध्यभागी घात करते, तेच मोजून-मापून कडेला दिले तर फाटलेल्या दृष्टिपटलाभोवती व्रण तयार होऊन ते जागच्या जागी चिकटून राहील, असे त्यांच्या मनात आले. १९४९ मध्ये हॅम्बुर्ग येथे आरशांच्या साहाय्याने सूर्यप्रकाश आत घेऊन त्यांनी रुग्णांवर उपचार केले. हॅम्बुर्गच्या ढगाळ आकाशावर विसंबून दवाखाना चालणे कठीण होते. पुढे १९५०च्या दशकात त्साइस कंपनीतील हान्स लिटमान यांच्यासह त्यांनी झेनॉन दिव्याचे यंत्र घडवले. त्याचा प्रकाश पांढरा आणि ठिपका मोठा असे. तो दीर्घ काळ द्यावा लागे, आणि वेदना इतकी होई की डोळ्यामागे भुलीचे इंजेक्शन द्यावे लागे.

१६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात माणकाच्या स्फटिकातून पहिला लेझर किरण काढला. पुढच्याच वर्षी न्यू यॉर्कमध्ये तो माणसाच्या दृष्टिपटलावर वापरला गेला. हा माणिक लेझर सलग चालत नसे. त्याचा स्पंद सुमारे एक मिलिसेकंदाचा किंवा त्याहूनही छोटा असे आणि डॉक्टरला तो लांबवता येत नसे. वेदना कमी होती आणि दृष्टिपटलाचे छिद्र सील करायला तो बरा होता. पण त्याचा लाल प्रकाश रक्तात फारसा शोषला जात नाही, त्यामुळे मधुमेहाने उगवलेल्या नव्या रक्तवाहिन्यांपुढे त्याचे काही चालेना. शिवाय शक्ती जरा चढली की पडद्यात स्फोट होऊन रक्तस्राव होई. हे का होते याचा उलगडा पुढे झाला.

१९६८च्या सुमारास फ्रान्सिस लेस्परन्स यांनी आर्गॉन लेझर रुग्णांवर वापरायला सुरुवात केली. हा किरण निळा-हिरवा आणि सलग होता. त्यापुढे झडप बसवून पाहिजे तेवढा वेळ प्रकाश सोडता येई. येथून १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, हे माप रूढ झाले. एवढ्या वेळात डोळा फारसा हलत नाही, डॉक्टरला डाग उमटताना दिसतो आणि शक्तीत थोडी चूक झाली तरी निभावते. १९७०च्या दशकातला अमेरिकेतला मोठा अभ्यास, डायबेटिक रेटिनोपथी स्टडी, याच मापावर उभा राहिला. मधुमेहाच्या वाढलेल्या विकारात दृष्टिपटलभर विखुरलेले डाग दिल्यास दृष्टी गंभीरपणे जाण्याचे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते, असा निष्कर्ष त्याने १९७६ मध्ये जाहीर केला. त्या अभ्यासात झेनॉन आणि आर्गॉन दोन्ही वापरले होते. उपयोग दोन्हींचा झाला, पण झेनॉनच्या जाडजूड डागांनी बाजूची दृष्टी अधिक हिरावली, आणि पुढे आर्गॉनच मान्य झाला. १९८५ मध्ये दुसऱ्या मोठ्या अभ्यासाने पीतबिंदूच्या सुजेवरही लेझरचा फायदा दाखवला. ५०० मायक्रॉनचा ठिपका, ०.१ सेकंद आणि १२०० ते १६०० डाग, हे सूत्र त्यानंतर जगभरच्या निवासी डॉक्टरांच्या तोंडी बसले.

डाग देऊन दृष्टी वाचते कशी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. दृष्टिपटलातल्या प्रकाशसंवेदी पेशी प्राणवायू फार खातात. मधुमेहाने बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्या की दृष्टिपटल उपाशी राहते, आणि त्या उपासमारीतून असे रासायनिक संदेश सुटतात की नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटू लागतात. त्याच पुढे रक्तस्राव करतात आणि पडदा ओढून काढतात. कडेच्या भागातील काही पेशी जाळल्या की मागणी घटते, उरलेल्यांना प्राणवायू पुरतो आणि संदेश थंडावतो. थोडे गमावून बहुतेक वाचवायचे, असा हा सौदा आहे. त्याची किंमत रुग्ण मोजतो: रात्री कमी दिसणे, बाजूचे क्षेत्र आकसणे, उपचाराच्या वेळची कळ. ही किंमत कमी करता येईल का, या प्रश्नातून स्पंदाच्या लांबीचा विचार पुढे आला.

आता थोडे भौतिकशास्त्र. दृष्टिपटल सुमारे पाव मिलिमीटर जाड आणि जवळजवळ पारदर्शक असते. हिरवा प्रकाश त्यातून आरपार जातो आणि त्याखालच्या रंजकपेशींच्या थरात शोषला जातो. हा थर एका पेशीइतका, सुमारे १० मायक्रॉन जाड आहे. त्यात मेलॅनिनचे बारीक कण खच्चून भरलेले असतात. काही प्रकाश त्याखालच्या रक्तवाहिन्यांच्या थरापर्यंतही पोचतो. म्हणजे उष्णता तयार होते ती तळाशी, आणि तेथून ती वर-खाली पसरते. किती पसरेल हे वेळ ठरवते. तव्यावरची भाकरी बोटांनी उलटणाऱ्या बाईला हे शिकवावे लागत नाही: तवा तेवढाच तापलेला असतो, पण बोट क्षणभर टेकले तर चटका कातडीवरच राहतो आणि रेंगाळले तर आतपर्यंत जातो.

हिशेब असा आहे. उष्णता जितके अंतर कापते ते वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. डोळ्यातल्या उतींमध्ये उष्णता साधारण पाण्यातल्यासारखीच पसरते असे धरले, तर १०० मिलिसेकंदांत ती सुमारे ०.२४ मिलिमीटर जाते, म्हणजे दृष्टिपटलाच्या जवळजवळ संपूर्ण जाडीतून. २० मिलिसेकंदांत ती ०.१ मिलिमीटरच्या आसपास थांबते. एका मिलिसेकंदात ०.०२४ मिलिमीटर आणि एका मायक्रोसेकंदात हजारांश मिलिमीटरहून कमी. शंभर मिलिसेकंदांचा डाग म्हणून वरच्या मज्जातंतूंच्या थरापर्यंत झळ पोचवू शकतो आणि खालच्या थरातल्या नसाही चाळवतो. रुग्णाला होणारी कळ मुख्यतः तिथली. वीस मिलिसेकंदांचा डाग दृष्टिपटलाच्या तळाकडच्या अर्ध्या भागात बराचसा थांबतो.

मग स्पंद आखूड करत का जाऊ नये? येथे निसर्ग दुसरी अट घालतो. पेशीतली प्रथिने बिघडायला तापमान आणि वेळ दोन्ही लागतात. वेळ कमी केला की तेवढाच परिणाम साधायला तापमान वाढवावे लागते, म्हणजे शक्ती वाढवावी लागते. वाढवता वाढवता अशी मर्यादा येते की पेशी गोठण्याच्या आधीच पाण्याची वाफ होते. डाग उमटवणारी शक्ती आणि पडदा फाडणारी शक्ती यांच्यामधल्या अंतराला सुरक्षेचा पट्टा म्हणू. सशांच्या डोळ्यांवर स्टॅनफर्ड विद्यापीठात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत स्पंद आखूड होईल तसा हा पट्टा अरुंद होत गेला. एक मिलिसेकंदाला तो जवळजवळ नाहीसा झाला. डाग उमटवायला जेवढी शक्ती, तेवढ्याच शक्तीने पडदा फाटण्याचीही शक्यता. रंजकद्रव्याचे प्रमाण डोळ्यागणिक आणि एकाच डोळ्यात जागेगणिक बदलते, त्यामुळे असा पट्टा उपचाराला निरुपयोगी. माणिक लेझरने साठच्या दशकात रक्तस्राव का केले याचे एक उत्तर येथे मिळते. तो नेमका या अडचणीच्या जागी काम करत होता.

याच विद्यापीठातील डॅनियल पॅलँकर, मार्क ब्लूमेनक्रान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० ते ३० मिलिसेकंदांचा मधला पट्टा निवडला आणि २००६ मध्ये नमुना-आधारित लेझरची पद्धत मांडली. पायाखालचे बटण एकदा दाबले की यंत्र ठिपक्यांची अख्खी चौकट, ५ गुणिले ५ अशी २५ ठिपक्यांचीही, आपोआप उमटवते. हे शक्य झाले ते आखूड स्पंदामुळेच. २५ ठिपके १०० मिलिसेकंदांचे दिले तर अडीच सेकंद लागतील आणि तेवढ्या वेळात रुग्णाची नजर नक्की हलेल. २० मिलिसेकंदांचे दिले तर निव्वळ प्रकाशाचा वेळ अर्धा सेकंदच होतो. ऊर्जाही घटते. शक्ती दुप्पट करून ४०० मिलिवॉट घेतली, तरी २० मिलिसेकंदांत ८ मिलिज्यूलच होतात, आधीच्या २० मिलिज्यूलऐवजी. कळ कमी होते आणि बैठकही लवकर आटोपते. लांब स्पंदाचे व्रण काळाबरोबर पसरू शकतात, तर आखूड स्पंदाचे बहुधा आकसतात. सशांच्या डोळ्यांत तर हलक्या, लहान डागांच्या जागी शेजारच्या प्रकाशसंवेदी पेशी सरकून येतात आणि पोकळी भरून काढतात, असे दिसले.

येथेच या पुस्तकाचा मुख्य मुद्दा सुरू होतो. जो डाग कमी इजा करतो, तो उपचारही कमी करतो. प्राणवायूची मागणी घटवायची तर पुरेशा पेशी जायला हव्यात. लहान आणि नंतर आकसणारे डाग जुन्याच संख्येने दिले तर एकूण क्षेत्रफळ अपुरे पडते. याच गटाने २०११ मध्ये त्याचा हिशेब मांडला. ४०० मायक्रॉनच्या किरणाने १०० मिलिसेकंदांचे १००० मध्यम डाग जेवढे क्षेत्र व्यापतात, तेवढे व्यापायला २० मिलिसेकंदांचे मध्यम डाग १४६४ लागतात, फिकट डाग १९७९ आणि जेमतेम दिसणारे ३५२०. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एका तुलनेत, डागांची संख्या जुनीच ठेवली असता, आखूड स्पंदाने वाढलेल्या मधुमेही विकारातल्या नव्या रक्तवाहिन्या मागे हटण्याचे प्रमाण कमी आढळले. कळ कमी झाली म्हणून रुग्ण खूश, बैठक लवकर संपली म्हणून डॉक्टर खूश, आणि रक्तवाहिन्या मात्र वाढत राहिल्या, असे होऊ शकते. तंत्र बदलले की जुनी संख्या जशीच्या तशी चालत नाही, हे यंत्र विकत घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी ध्यानात घ्यायचे.

मिलिसेकंदाच्या खाली गेल्यावर वेगळेच जग सुरू होते. तिथे तीन वाटा फुटतात आणि त्यांची उद्दिष्टेही वेगवेगळी आहेत.

पहिली वाट मायक्रोपल्सची. येथे १००-३०० मायक्रोसेकंदांचे छोटे स्पंद मध्ये मोठी विश्रांती ठेवून दिले जातात. बहुधा एकूण वेळेच्या ५ ते १५ टक्केच लेझर चालू असतो. प्रत्येक स्पंदानंतर थर निवतो, त्यामुळे पेशी तापतात पण मरत नाहीत. डोळ्यात डाग दिसत नाही, स्कॅनवरही खूण राहत नाही. तापलेल्या रंजकपेशी आपली दुरुस्तीची यंत्रणा जागी करतात, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. पुरावा संमिश्र आहे. मधुमेहाच्या पीतबिंदू-सुजेवर ब्रिटनमधल्या डायमंड्स या चाचणीने २०२२ मध्ये दाखवले की, सूज फार जाड नसेल तर ५७७ नॅनोमीटरचा मायक्रोपल्स नेहमीच्या डाग पाडणाऱ्या लेझरच्या तोडीचा ठरतो. पीतबिंदूखाली पाणी साचण्याच्या दीर्घकालीन विकारात मात्र २०१८च्या प्लेस चाचणीत ८१० नॅनोमीटरचा मायक्रोपल्स प्रकाश-सक्रिय औषधाच्या उपचारामागे पडला.

दुसरी वाट निवडक उपचाराची. जर्मनीत लुबेक येथे रेजिनाल्ड बिर्नग्रुबर, योहान रोइडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा पाया घातला. १.७ मायक्रोसेकंदांच्या स्पंदात उष्णतेला रंजकपेशीबाहेर पडायला सवडच मिळत नाही. मेलॅनिनचा कण १४० अंशांच्याही वर तापतो, त्याभोवती सूक्ष्म बुडबुडा उठतो आणि पेशी आतून फुटते. वरच्या प्रकाशसंवेदी पेशी तेवढ्या वाचतात. मेलेल्या पेशींची जागा शेजारच्या पेशी पसरून आणि विभागून घेतात. काही दशक मायक्रोसेकंदांच्या आसपास एक सीमा आहे. तिच्या वर उष्णता भाजते, खाली बुडबुडा फोडतो. मिलिसेकंदाला जो स्फोट दुर्घटना होता, तो येथे पेशीच्या आत कोंडून उपचाराचे साधन केला आहे.

तिसरी वाट नॅनोसेकंदांची. ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या ३ नॅनोसेकंदांच्या लेझरची वयोमानानुसार होणाऱ्या पीतबिंदू-विकाराच्या मधल्या टप्प्यात चाचणी झाली. मेलबर्नच्या रॉबिन गायमर यांच्या नेतृत्वाखालील या लीड अभ्यासात २९२ जण सहभागी होते आणि निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. सर्वांचा एकत्र विचार करता विकार लक्षणीयरीत्या मंदावला नाही. नंतर केलेल्या विश्लेषणात, दृष्टिपटलाखाली जाळीसारखे विशिष्ट साठे नसलेल्या डोळ्यांना फायदा झाल्यासारखा वाटला आणि ते साठे असलेल्यांना उलट अपाय झाल्याची शंका आली. असे विश्लेषण पुरावा म्हणून अपुरे असते, पण इशारा म्हणून ते मोलाचे आहे. सर्वांत आखूड स्पंदही प्रत्येक डोळ्याला सारखा सौम्य नसतो.

आता इंजेक्शने आली, मग लेझरचे एवढे पुराण कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने दाखवले की, मधुमेहाच्या वाढलेल्या विकारात डोळ्यात दिलेली रॅनिबिझुमॅबची इंजेक्शने दृष्टीच्या बाबतीत लेझरहून कमी पडत नाहीत. पण चाचणीतले रुग्ण वेळेवर येतात. इंजेक्शनांवर असलेला रुग्ण मधेच येणे बंद झाला तर त्याचा डोळा लेझर झालेल्या रुग्णापेक्षा अधिक बिघडलेला आढळतो, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे. हंगाम सुरू होताच कारखान्याच्या फडावर निघून जाणारा ऊसतोड कामगार दर महिन्याला इंजेक्शनासाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला येणार नाही. दोन-तीन बैठकांत पुरे होणारा आणि टिकणारा लेझर त्याच्यासाठी आजही मोठा आधार आहे. तो कमी वेदनेचा असला तर रुग्ण दुसऱ्या बैठकीला येतो. तो पुरेसा दिलेला असला तर डोळा वाचतो. स्पंदाची लांबी या दोन्ही गोष्टींना हात घालते.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिला भाग दृष्टिपटलाची रचना आणि प्रकाशाचे शोषण समजावतो. दुसऱ्या भागात उष्णतेचे गणित आहे. ज्यांना सूत्रांचा कंटाळा आहे त्यांनी तेथील आलेख तेवढे पाहिले तरी चालेल. तिसरा भाग १०० मिलिसेकंदांपासून ३ नॅनोसेकंदांपर्यंत एकेक टप्पा घेतो आणि प्रत्येक ठिकाणी तीनच प्रश्न विचारतो: कोणती पेशी मरते, कोणती वाचते आणि त्यातून रुग्णाला काय मिळते. चौथा भाग चाचण्यांचा आहे. त्यात फसलेल्या चाचण्यांनाही यशस्वी चाचण्यांइतकीच जागा दिली आहे. पुस्तक मुख्यतः नेत्रवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि नेत्रसाहाय्यकांसाठी लिहिले असले, तरी स्वतःच्या डोळ्यात काय केले जात आहे हे जाणू इच्छिणाऱ्या रुग्णालाही पहिला आणि तिसरा भाग अवघड जाऊ नये, असा प्रयत्न आहे.

विद्यार्थ्यांना एक विनंती. उपचाराच्या नोंदीत शक्ती आणि डागांची संख्या सहसा लिहिली जाते. कालावधी पुष्कळदा राहून जातो. १५०० डाग दिले, एवढेच लिहून पुढच्या डॉक्टरला काही कळत नाही. ते १०० मिलिसेकंदांचे असतील तर उपचार बहुधा पुरेसा झाला आहे, आणि २० मिलिसेकंदांचे फिकट डाग असतील तर अजून बराच बाकी आहे. रुग्ण गाव बदलतो, दवाखाना बदलतो, त्याच्याबरोबर जाते ती फाइल. त्या फाइलमध्ये वेळ लिहा.